परटीण आत्या आणि तीन ठिपके

परटीण आत्या माणसाच्या तोंडाकडं बघायचीच नाही. समोर कोणीही असो, तिची नजर सदऱ्याच्या घेरावर, नाहीतर लुगड्याच्या काठावर. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाली, "तोंड कशाला बघू? तोंड काय धुवाय माझ्याकडं येतंय व्हय?" पण बाजारात माणूस पाठमोरा दिसला तरी तो कोणत्या घरचा, हे ती सांगायची.

तिचं लिहिणं-वाचणं म्हणजे बिब्बा. बिब्ब्याचं तेल सुईच्या टोकावर घेऊन ती कपड्याच्या आतल्या बाजूला खूण करायची. दर घराची खूण वेगळी. आमची तीन ठिपके. मी दुसरीपर्यंत शिकलेला, तेही उर्दूत. मराठी नंतर पाट्या वाचत शिकलो. तरी तिच्यापुढं तोरा मिरवायचो. ती म्हणायची, "मिस्त्री, तुमचं अक्षर पाण्यात टिकतं का? माझं टिकतं."

त्या काळी आमच्याकडं एक रीत होती. चुकलेल्या लेकराला नाव-गाव सांगता आलं नाही, की लोक त्याला परटांच्या घाटावर न्यायचे. तिथं कोणीतरी अंगावरच्या कपड्याची खूण ओळखायचं आणि लेकरू घरी पोचायचं. आत्यानं अशी किती पोरं पोचवली असतील, तिचं तिला ठाऊक. मोहल्ल्याचा सगळा भरवसा तिच्यावर.

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझी चार वर्षांची लेक शकू भर दुपारी हरवली.

मी तेव्हा नहरीच्या दुरुस्तीवर गवंडी होतो. शहराला पाणी आणणारी ही नहर जमिनीखालून जाते. साफसफाईला माणूस उतरेल एवढी भोकं ठेवलेली असतात, वर दगडी फरशी. बायको भाकरी घेऊन आली. शकू लिंबाखाली झोपी गेली, म्हणून तिला माझ्यापाशी ठेवून बायको परतली. मी चुना आणायला गेलो. फरशी उघडीच. परत आलो तर लिंबाखाली कोणी नव्हतं.

मी भोकाशी पालथा पडलो, आत हाका मारल्या. खालून माझाच आवाज यायचा. मग मी फरशी सरकवून भोक झाकून टाकलं. का झाकलं, ते आजही सांगता येत नाही. पळत घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "पोरगी तुझ्यामागं आली वाटतं."

सगळा मोहल्ला रस्त्यानं शोधायला निघाला. लोक त्या वर्षांत भ्यालेलेच होते. कोण कुठं गेलं ह्याचा पत्ता नसलेली घरं आमच्याच गल्लीत दोन होती. बायकोनं आत्याला सांगितलं, अंगात पिवळा झगा आहे, कालच धुऊन आलेला. आत्या घाटावर जाऊन आली. तीन ठिपक्यांची पोर तिथं आली नव्हती. मग ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"मिस्त्री, छातीला शेवाळ कशाचं?"

मी हातानं छाती झाकली.

"भोक उघडं व्हतं?"

मी मान डोलावली. ती ओरडली नाही. वकिलाच्या घरी पोचवायचं गठुडं तिच्या डोक्यावर होतं, ते सावरलं आणि म्हणाली, "चला. रडायचं मागून."

फरशी दोघांनी मिळून सरकवली. मी उतरलो. पाणी मांडीपर्यंत, आणि पाण्याला ओढ. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून पायांनी चाचपत गेलो. पायाला काही मऊ लागलं की पाय मागं घ्यायचो, मग पुन्हा पुढं टाकायचो. एकदा कापड लागलं. ते हातात धरून मी तसाच उभा राहिलो. ओढून वर घ्यावं की सोडून द्यावं, कळेना. शेवटी बोटांनी नीट चाचपलं.

"लागलं का काही?" वरून आत्या.

"पोतं हाय."

"पुढं व्हा. अन् बोलत ऱ्हावा. गप बसू नका, मला भ्या वाटतं."

तिला कशाची भीती वाटते, हे मी त्या दिवशीच ऐकलं. मी बोलत राहिलो. काय बोलणार, भिंतीच्या चुन्याला शिव्या देत राहिलो.

पुढं लोखंडी जाळी. वाहून आलेलं सगळं तिथं अडकतं. हात घालायला धीर होईना. घातला. पाला, काटक्या, बाकी काही नाही. पण जाळीचा एक गज तुटलेला होता. त्या फटीतून चार वर्षांचं लेकरू जाईल की नाही, हे मी वितीनं मापत होतो. स्वतःच्या लेकीचं माप मला येत नव्हतं.

तेवढ्यात हाक आली. "मिस्त्री, वर या. आधी वर या."

वर आलो तर आत्या मातीत बसलेली, गठुडं सोडलेलं. हातात एक पिवळा झगा, उलटा केलेला. आतून तीन ठिपके.

"ही तुमची खूण. मंग शकूच्या अंगात वकिलाच्या नातीचा झगा हाय. तीन ठिपके अन् एक रेघ. दोन्ही एकाच ताग्याचे. म्या अदलाबदल केली." ती उठलीसुद्धा. "घाटावर म्हणत व्हते, एक पोर आली व्हती, पर ती वकिलाची. तिकडं धाडली. ते ध्यानात आलं, म्हणून गठुडं सोडलं."

गुलमंडीत वकिलाच्या घरापर्यंत आम्ही पळत गेलो. वाटेत मी एकदाही आत्याला विचारलं नाही, की खात्री आहे का. विचारायची भीती वाटत होती.

वकिलाच्या ओट्यावर शकू केळं खात बसली होती. झोपेतून उठून ती आईच्या मागावर निघाली होती आणि रस्ता चुकली होती. दारात वकिलीणबाई उभ्या. "पोर आमची नाही, झगा आमचा आहे. तो कोणी चोरला ते आधी सांगा, मग पोर न्या."

"चोरला नाय, बाई," आत्या म्हणाली. "म्या चुकले. माझ्या हातून तिकडं गेला."

माझे हात शेवाळानं भरलेले. शकूला हात लावायचं माझं धाडस होईना. आत्यानं मला कोपरानं ढकललं. "उचला, मिस्त्री. झगा दुसऱ्याचा हाय, पोरगी तुमचीच हाय."

वकिलाकडचं तिचं काम त्याच दिवशी सुटलं, मग हळूहळू बाकीची घरं. धोबिणीनं खूण चुकवली म्हणून पोर हरवली, असं लोक म्हणायला लागले. फरशीचं कोणी विचारलं नाही. मी एकदा तिला म्हणालो, "वकिलाला जाऊन सगळं सांगतो."

"काय सांगताल? तुमचंबी काम जाईल. माझं काय परत येणार नाय. ऱ्हाऊ द्या."

मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

पुढं ती लेकाकडं बिडकीनला गेली आणि तिथंच वारली. मातीला मी गेलो होतो. तिथंही चार माणसांत फरशीचं बोललो नाही.

शकू आता आजी झाली. नातवंडांना सांगते, धोबिणीच्या चुकीनं मी हरवले होते. मी शेजारी बसून ऐकतो. हे लिहिलंय ते तिला वाचून दाखवायला. काल दोनदा तिला हाक मारली. दोन्ही वेळा ती हात पुसत आली, "काय पाहिजे, आबा?" म्हणाली, आणि मी प्यायला पाणी मागितलं.