कडूबाईचं पहिलं मरण

कडूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि टीव्हीवर सिनेमाच्या बक्षिसांचा कार्यक्रम परत दाखवत होते. एक नट दुसऱ्याच्या गळ्यात पडून रडत होता. मी आवाज बंद केला, पुतण्याचं बोलणं ऐकून घेतलं, फोन ठेवला… तो अजून रडतच होता. मला शिसारी आली. तिकडं हर्सूलला माझी जाऊ निपचित पडली होती आणि हा माणूस पितळेच्या बाहुलीसाठी डोळे पुसत होता.

कडूबाई माझी धाकटी जाऊ. असा एकही कार्यक्रम तिनं कधी चुकवला नाही. ती नवी नवरी होती तेव्हा हर्सूलच्या तलावावर एका मोठ्या सिनेमाचं शूटिंग आलं. गावातल्या बाया रोजानं घेतल्या, त्यात ही. डोक्यावर घागर घेऊन नायिकेच्या मागून चालत जायचं, एवढंच काम. नायिकेला मनासारखं रडू येईना, म्हणून हिला अकरा वेळा चालवलं, आणि तेही भरल्या घागरीनं. रिकामी घेतली तर चाल खोटी दिसते, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. त्या रडण्याला पुढं दिल्लीत बक्षीस मिळालं. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात, त्यात कडूबाईचं नाव नव्हतं. सिनेमाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते पुष्कळांनी लिहिलंय.

मग जन्मभर ती कुठलाही सिनेमा बघताना नायिकेच्या मागंच बघायची. "ती मागची बाई बघा अक्का, सूप कसं धरलंय. बक्षीस तिला द्या म्हणावं." त्या पाणवठ्याच्या प्रसंगाचा फोटो तिनं शहागंजातून मोठा करून आणला होता आणि भिंतीवर लावला होता. दसऱ्याला घरातली माणसं कुदळीला, विळ्याला, मोटारसायकलीला झेंडूचा हार घालायची आणि ही त्या फोटोला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नसतात, म्हणून मी दरवर्षी तिच्यावर खेकसायचे. ती म्हणायची, "मी माझी पूजा करते का? घागरीची करते. माझं अवजार तेच."

त्या सिनेमाला पन्नास वर्षं झाली आणि शहरात सोहळा ठरला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस जुन्या कलाकारांची माहिती गोळा करत घरी आला. कडूबाई तेव्हा सिल्लोडला लेकीकडं गेली होती. सुनेनं चहा दिला. त्यानं भिंतीवरचा फोटो बघितला, त्यावरचा दसऱ्याचा सुकलेला हार बघितला, हात जोडून मान खाली घातली, मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला आणि गेला. सुनेला वाटलं, सिनेमावाल्यांची रीत असेल. त्यानं विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. पुढं कार्ड आलं ते 'कडूबाई यांच्या कुटुंबीयांस'. कडूबाई आणि मी, दोघी कुटुंबीयच, म्हणून गेलो.

सोहळा म्हणजे… काय सांगावं. ज्यांनी सिनेमा बघितला नाही ती माणसं त्यावर तासभर बोलली. पैसे देणाऱ्यांचा सत्कार झाला, मग त्यांच्या बायकांचा. नायिका आली होती, तिला तलाव कुठला ते आठवेना. मग दिवे मंद झाले, बासरी वाजली आणि पडद्यावर मेलेल्या कलाकारांचे फोटो यायला लागले. चौथा कडूबाईचा. डोक्यावर घागर, फोटोला हार. निवेदन करणाऱ्या बाईनं नाव स्वच्छ उच्चारलं. सगळं सभागृह उभं राहिलं. कडूबाईसुद्धा उभी राहिली.

मी ओरडणारच होते. तिनं माझं मनगट धरलं.

"गप ऱ्हावा, अक्का. पन्नास वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलंय. जिती हाय म्हणलं तर काढून टाकतील."

मग स्मृतिचिन्ह घ्यायला कुटुंबातल्या माणसाला वर बोलावलं. तिनं मला ढकललं. मी सासऱ्यापुढं तोंड बंद ठेवलं नाही, सरपंचापुढं ठेवलं नाही. त्या दिवशी ठेवलं. नायिकेनं माझा हात हातात घेतला आणि फार गुणी होत्या म्हणाली, कॅमेऱ्याकडं बघत. दोन शब्द बोला म्हणून माइक माझ्यापुढं धरला. मी नुसता नमस्कार केला. खाली कडूबाई टाळ्या वाजवत होती. येताना रिक्षात ती एवढी हसली की रिक्षावाला वळून बघायला लागला. मला हसू आलं नाही.

सव्वा महिन्यानं तिच्या छातीत कळ आली आणि ती खरोखर गेली. कार्डावरच्या नंबरावर मीच फोन केला. पलीकडच्या माणसाला नाव सांगितलं.

"मावशी, त्यांना तर आपण श्रद्धांजली वाहिली ना?"

"व्हय," मी म्हणाले. "तेव्हा ती खाली बसून टाळ्या वाजवत होती."

बघतो, म्हणाला. काय बघणार होता कोणास ठाऊक. दहाव्याला त्यांच्यातलं कोणी फिरकलं नाही.

त्या लोकांची मला किळस येते, ती जाणार नाही. पण माइक त्यांनी माझ्यापुढं धरला होता. मी थोरली. तिचं ऐकायला नको होतं.

परवा त्याच सभागृहावरून रिक्षा जात होती. दारावर कुठल्यातरी गाण्याच्या पंचविशीचा फलक होता. मी उतरले आणि सरळ आत गेले. मागून तिसरी रांग, खांबाजवळची खुर्ची. तिथं एक अनोळखी बाई बसली होती. तिला म्हणाले, "इथं कडूबाई बसली होती. जिती."

तिनं माझ्याकडं बघितलं, शेजारच्या खुर्चीवरची पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बसा."