बारा व्हॉल्व्हांचा दरबार

पडदा वर जातो. कानडी मुलखातलं के. आर. पुरम, तिथली एक गल्ली, टोकाला घर, घराच्या कडेला पत्र्याची शेड. डाव्या हाताला विटांवर टेकवलेली जुनी लॉरी, बॉनेट उघडं, आत नुसती पोकळी. मधोमध लोखंडी घोड्यावर तिचं इंजिन. त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, शेजारच्या टेबलावर काढून ठेवलेला. मागून अधूनमधून रेल्वेचा आवाज येतो, ते पार्श्वसंगीत समजावं. स्टुलावर पाठमोरे बसलेत बसवंतअण्णा. वय बहात्तर. दोन्ही तळव्यांत एक काठी धरून ते ताक घुसळावं तशी फिरवतायत.

ही लॉरी मला नवी नाही. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या नाटक कंपनीचे पडदे, पेटारे आणि आम्ही माणसं हिच्यातूनच फिरलो. चालवायला अण्णा. मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, रस्त्यावर कानडी, आणि गाडी बिघडली की दोन्हींतल्या शिव्या. एकदा चिक्कोडीजवळच्या एका गावात तिसऱ्या अंकात, ऐन माझ्या प्रवेशाला, दिवे गेले. लोक उठायला लागले. अण्णांनी लॉरी मंडपासमोर आणून तिचे दिवे थेट रंगमंचावर सोडले. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालूच ठेवलं. उरलेला अंक मी त्या धडधडीवर म्हटला. टाळ्या मला मिळाल्या. त्यातल्या निम्म्या अण्णांच्या होत्या, हे सांगायचं तेव्हा राहून गेलं. म्हणून आता लिहिते आहे.

पुढे कंपनी मोडली. मी बसवनगुडीत राहून शाळांतल्या मुलींची नाटकं बसवू लागले. अण्णांनी लॉरी विकत घेतली आणि पंचवीस वर्षं आनेकलहून शहरात विटा वाहिल्या. इंजिन थकल्यावर त्यांनी ते दारातच उतरवलं. क्रँक आणि सिलिंडर तेवढे लेथवाल्याकडून करून आणले. बाकी सगळं घरी, स्वतःच्या हातानं करायचं ठरवलं. अर्धं काम झालं आणि गेल्या श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ तर दुसऱ्याच दिवशी ताळ्यावर आली. डावी मूठ मात्र मिटली ती उघडेना. व्यायामासाठी दवाखान्यातून स्पंजचा चेंडू मिळाला होता. तो त्यांनी शेजारच्या कुत्र्याला दिला.

मुलगा गुरुराज कारखान्यात सुपरवायझर आहे. स्वभावानं बापासारखाच, फक्त कमी बोलणारा. तो म्हणाला, एका हातानं एवढं वजन हाताळताना काही अंगावर पडलं तर काय करायचं? दसऱ्यापर्यंत इंजिन सुरू झालं तर ठीक, नाहीतर लॉरी आणि इंजिन दोन्ही मोडीत जातील. अण्णा एवढंच म्हणाले, सरी, म्हणजे बरं. शालनवहिनी, म्हणजे अण्णांची बायको, मला फोनवर म्हणाल्या की इंजिन गेलं तर हा माणूस त्या रिकाम्या शेडकडं बघत बसेल आणि मला ते बघवणार नाही.

दसऱ्याच्या तीन आठवडे आधी अण्णांनी व्हॉल्व्ह घासायला घेतले. व्हॉल्व्ह दिसायला छत्रीसारखा, खाली दांडी, वर टोपी. ती टोपी हेडमधल्या आपल्या बैठकीवर इतकी चपखल बसावी लागते की वरून डिझेल ओतलं तरी थेंब झिरपू नये. त्यासाठी मधे खरखरीत लेप लावून व्हॉल्व्ह काठीनं उलटसुलट फिरवत राहायचं. काठी फिरवायला दोन्ही तळवे लागतात. अण्णांनी मिटलेल्या डाव्या मुठीचाच आधार घेऊन सुरुवात केली. एका व्हॉल्व्हला दीड दीड दिवस. असे बारा. प्रत्येकाची बैठक ठरलेली, याचा त्याला चालत नाही. झालेले व्हॉल्व्ह ते पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून त्यांत क्रमानं उभे करत. आकडे पुठ्ठ्यावर, खडूनं लिहिलेले.

आता माझा प्रवेश. नवरात्रात मी त्यांच्याकडं राहायला गेले होते. अष्टमीला बारावा व्हॉल्व्ह संपवून अण्णा दुपारचे जरा आडवे झाले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, इथली आयुधपूजा. घराघरांतून गाड्या धुतल्या जात होत्या. शालनवहिनींनी इकडच्या रीतीप्रमाणं पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, त्यातली सर्वांत खालची पायरी रिकामी होती. माझी नजर त्या तेलकट बारा छत्र्यांवर गेली. मनात आलं, अण्णांनी एवढा जीव ओतलाय, पूजेला हे असे काळे कशाला? आम्ही दोघींनी ते राखेनं आणि साबणानं लखलखीत केले, पुसले, हळदकुंकू लावलं. मग माझ्यातली जुनी खोड जागी झाली. सहांच्या टोप्या मोठ्या होत्या, सहांच्या लहान. मोठे मागे उभे केले, लहान पुढे, मधे शेवंती. अगदी राजदरबार भरवला. पुठ्ठाही ओल्या फडक्यानं पुसून घेतला.

अण्णा उठून आले. पायरीसमोर वाकून त्यांनी एकेक छत्री न्याहाळली. मला वाटलं, भारावलेत.

"अक्का," ते म्हणाले, "छान दिसालंय. आता ह्यातला तीन नंबरचा कुठला, तेवढं सांगा."

शालनवहिनींनी तोंडाला पदर लावला. मी माफी मागू लागले, पण शब्द सापडेनात. आयुष्यभर लिहून दिलेली वाक्यं बोललेलं माणूस मी. तीन आठवड्यांची मेहनत मी तासाभरात पुसून टाकली होती, आणि दसरा परवावर आला होता.

ते रागावले नाहीत. घड्याळाकडं पाहिलं. चार वाजले होते. "उद्या पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही. जे काय ते त्याच्या आत," एवढं म्हणून त्यांनी दरबारातला पहिला सरदार उचलला, कुंकू पुसलं आणि लेपाची डबी उघडली.

मी समोर बसून राहिले. शिक्षा म्हणूनच. काठी फिरू लागली. अर्ध्या तासात त्यांनी डिझेल ओतून पाहिलं. कोरडं. खडूऐवजी पंच घेऊन व्हॉल्व्हवर ठोकून आकडा मारला. मग दुसरा, मग तिसरा. दिवेलागणीपर्यंत चार झाले. बैठका आधीच घासलेल्या, म्हणून लवकर होतंय, असं ते म्हणत होते. पण मी रंगमंचावर हात बघायला शिकले आहे. काठी दोन सपाट तळव्यांमधून सरकत होती. मूठ कधीच सुटली होती. तीन आठवडे रोज थोडी थोडी सुटत गेली असणार, आणि कामाच्या नादात अण्णांनाही पत्ता नव्हता. मी लेपाची डबी त्यांच्याकडं सरकवली. हा प्रवेश माझा नव्हता.

जेवणाआधी आणखी दोन झाले. नवमीला पहाटेच उठून ते पुन्हा बसले. गुरुराज सुट्टीचा, चहाचा कप घेऊन शेडमध्ये आला तेव्हा शेवटचा व्हॉल्व्ह चालू होता. पुन्हा घासून किती झाले, त्यानं विचारलं. बारावा, अण्णा म्हणाले. कालपासून? कालपासून. गुरुराजनं कप खाली ठेवला, बापाच्या हातातली काठी काढून घेतली आणि डावा तळवा उलटा करून बघत राहिला. काळा, तेलकट, पाचही बोटं मोकळी.

"अप्पा, हे कधी झालं?"

अण्णांनी स्वतःच्याच हाताकडं परक्याच्या हातासारखं पाहिलं. "मला काय माहीत. मी व्हॉल्व्ह घासत होतो."

साडेनवाला सगळी हत्यारं पूजेला बसली. दसऱ्याला सकाळी गुरुराजनं साखळी लावून हेड स्वतः चढवलं, अण्णा स्टुलावरून चुका काढत राहिले. इंजिन दुपारपर्यंत जुळलं. दोन वेळा नुसतं खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. पत्रे थरथरले, बाहुल्या हलल्या, वहिनींनी देवाला हात जोडले. मी डोळे मिटले. तोच आवाज होता. मला माझं चिक्कोडीचं वाक्य आठवलं आणि मी ते मनातल्या मनात म्हटलं.

गुरुराजनं वडिलांना विचारलं, हे लॉरीत कधी बसवायचं? त्याच्या तोंडी मोडीचं नाव मी नंतर ऐकलं नाही.

निघताना मी अण्णांपुढं पुन्हा माफीचं बोलणं काढलं. दिवे सोडल्याबद्दलचं चाळीस वर्षांचं थकलेलं आभाराचं वाक्यही म्हणून टाकलं. त्यांनी दोन्ही हात फडक्याला पुसले, आधी उजवा, मग डावा, आणि म्हणाले,

"पुढच्या वर्षी गिअरबॉक्स उघडायचाय. मांडायला याच, अक्का. नंबर तेवढे मी आधी मारून ठेवतो."