दोन्ही गुडघ्यांना सारखा शेक

माझ्या सासूबाईंनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पण गुडघा दुखला की भरवसा तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पोटलीवर. नवा गुडघा बसवल्यावर डॉक्टरांनी दोन्ही पायांना सेन्सरचे पट्टे दिले. पट्टा कातडीचं तापमान मोजतो आणि मोबाइलवर दोन गुडघ्यांतला फरक दाखवतो. ऑपरेशनचा गुडघा काही महिने कोमट राहतोच, पण उतरलेली ऊब पुन्हा चढली तर आत जंतू शिरल्याची शंका घ्यायची. उशीर झाला तर बसवलेला सांधाच काढावा लागतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

एका सकाळी तो फरक चढला. पाहते तर सासूबाईंनी नव्या गुडघ्याच्या पट्ट्यावरूनच पोटली फिरवलेली! मी अशी भडकले की विचारू नका. नवरा म्हणाला, शेकामुळेच असणार. शेजारच्या दीदींचंही तेच मत. ताप नव्हता, सूजही नव्हती.

सासूबाईंनी माझी बडबड ऐकून घेतली आणि पोटली पुन्हा तापवायला सांगितली. झालं, म्हटलं, डोकं फिरलं यांचं! त्यांनी पट्टे काढून दोन्ही गुडघ्यांना सारखा शेक घेतला, पट्टे परत बांधले आणि मोबाइल समोर ठेवून चहा प्यायला बसल्या. जुना गुडघा हळूहळू निवला. नवा काही केल्या निवेना.

"शेकाची गरमी उतरते," त्या म्हणाल्या. "ही आतून येऊन राहिली. ऑटो बोलाव."

ऑटोत त्यांनी माझा हात धरला, तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी आधी शेकाबद्दल झापलं, मग गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. जंतू निघाले. ताबडतोब ऑपरेशन करून आतून सगळं धुतलं, मधली प्लॅस्टिकची चकती बदलली. वेळेवर आलात म्हणून सांधा वाचला, असं ते म्हणाले, तेव्हा मी तिथेच रडले. त्या पट्ट्याचं कौतुक आहेच. पण त्याची उलटतपासणी घेणारी माझी सासू, तिला तोड नाही.

आता संध्याकाळी आम्ही सदरच्या बाजारापर्यंत पायी जातो. त्या पुढे, मी मागे.

"काहून मागे राहिली? पाय दुखून राहिले का? चल घरी, शेकून देते."

पाय कसले दुखतात! तो गुडघा चालताना दिसावा म्हणून मी मागे राहते.