कापडं तोलणाऱ्या मावशी

“घाबर जराशी, पन पाठ हालवू नको.” सिझेरियनच्या टेबलावर कण्यात सुई घेणाऱ्या प्रत्येक बाईला मावशी हेच सांगायच्या. आम्ही नर्सा ‘घाबरू नका’ म्हणून घसा कोरडा करायचो आणि बाई थरथरतच राहायची. मावशींनी तिचं डोकं छातीशी धरलं की ती गप्प. अशी माणसं तुम्हीही दवाखान्यात पाहिली असतील. हजेरीपटावर त्यांचं नाव सगळ्यात खाली असतं आणि त्यांच्यावाचून पान हलत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात त्या ऑपरेशन थिएटर सांभाळायच्या. फरशी अशी लख्ख ठेवायच्या की आत पाय टाकताना डॉक्टरसुद्धा बिचकायचे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी ठरवलं, सिझेरियनमधला रक्तस्राव कोणत्या औषधाने कमी होतो ते पडताळायचं. बायकांची संमती घेऊन निम्म्यांना नेहमीचं ऑक्सिटोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला ट्रानेक्झामिकचं इंजेक्शन. ऑपरेशनमध्ये भिजलेली कापडं तोलायची, त्यातून कोरड्या कापडांचं वजन वजा करायचं. उरलं ते रक्त. तोलायचं काम मावशींकडे, लिहायचं माझ्याकडे. काही महिन्यांनी पाहिलं तर दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखेच. जोडीच्या इंजेक्शनाचा उपयोग दिसेना, म्हणून डॉक्टरांनी ते बंद केलं.

पुढच्याच आठवड्यात मावशींची लेक साखऱ्याहून, सासरहून, बाळंतपणाला आली. तिचंही सिझेरियन करावं लागलं. बाळ रडलं, मावशी हसल्या, पण रक्त थांबेना. कापडामागून कापड भिजत होतं. आकडा विचारायला मी मागच्या मोरीकडे धावले आणि दारातच थबकले. मावशी लेकीची कापडं एकेक करून घट्ट पिळत होत्या आणि मग काट्यावर ठेवत होत्या.

“मावशी, हे काय करून राहिलात?”

“बाळंतिणीचं रक्त तराजूत घालू न्हाई, ताई. समद्यांचं असंच केलं. तुमी कापड तोला म्हणलात, म्या कापडच तोललं.”

‘आकडे खोटे आहेत, रक्त जास्त जातंय,’ असं ओरडतच मी आत गेले. डॉक्टरांनी लगेच ट्रानेक्झामिक दिलं, रक्ताच्या पिशव्या चढवल्या. लेक वाचली. मला मात्र स्वतःचीच भीती वाटली. इतके महिने मी आकडे उतरवून घेतले आणि एकदाही मोरीत डोकावले नव्हते.

संध्याकाळी मावशींनी मला बाजूला घेतलं आणि ते इंजेक्शन आधीच का दिलं नाही, असं विचारलं. मी सगळं सांगितलं.

“मंजी माझ्या पिळण्यानं बंद झालं व्हतं?”

नाही म्हणता आलं असतं. मी ‘व्हय’ म्हणाले. चूक माझीही आहे, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत त्या उठून गेल्या होत्या.

डॉक्टरांनी सगळे आकडे बाद केले. मावशी दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्या नाहीत. दोनदा निरोप धाडला, तरी नाही. लेकीला घरी सोडायचं त्या दिवशी मी सकाळपासून दारात उभी होते. बायको आणि बाळाला न्यायला जावई एकटाच आला.