वहिनीचं तिकीट

आमच्या राउसु गावच्या दीपगृहाजवळ टेकाडावर एक घडीची खुर्ची आहे. तिच्यात उन्हाळाभर मिसाओबाई दुर्बीण लावून बसतात. खाली समुद्रात ओर्का देवमाशांचे काळे पर दिसले की त्या वायरलेसवरून कळवतात, आणि त्यांचे धाकटे दीर तोकुजी पर्यटकांनी भरलेली आपली बोट तिकडे वळवतात. शोधतं कोण? मिसाओबाई. "कॅप्टन, काय नजर आहे" हे ऐकतं कोण? तोकुजी. हे मी चारचौघांत बोललो, तेव्हापासून तोकुजी मला चहा विचारत नाहीत. न विचारू देत.

मिसाओबाईंनी मात्र बोटीवर कधी पाय ठेवला नव्हता. बोटीवर देवी असते आणि तिला दुसरी बाई खपत नाही, अशी आमच्याकडची समजूत. आधी नवऱ्याने नेलं नाही, त्याच्यामागे दिराने. बाईंना एवढंच हवं होतं : टेकाडावरून ओर्काच्या श्वासाचा पांढरा फवारा दिसतो, पण ऐकू येत नाही. "आवाज कसा असेल हो?" त्या मला विचारायच्या. मी तोंडाने काढून दाखवायचो.

"ही तर किटली उकळली," म्हणायच्या.

जूनमधल्या एका सकाळी त्या धक्क्यावर पर्यटकांच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. मी मागेच होतो.

"वहिनी, इथे काय करताय?" तोकुजी म्हणाले.

"तिकीट काढलंय, भावोजी."

"देवीला चालायचं नाही."

"या पुढच्या बायका चालल्या ना? की तिकीट बघून देवी डोळे मिटते?"

रांगेतल्या बायका हसल्या. तोकुजींनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि ते बाजूला सरकले.

बाहेर पडलो तर धुकं उतरलं. पाण्यावर बसलेले काळसर पक्ष्यांचे थवे कुरकुरत वाट देत होते. एक शिंशुक पाणी कापत निघून गेलं. ओर्का नाही. तोकुजींनी घिरट्यांवर घिरट्या घातल्या, पर्यटक जांभया द्यायला लागले, आणि सवयीने त्यांनी वायरलेस उचलला.

"वहिनी, कुठे आहेत?"

"तुमच्या मागे," मिसाओबाई म्हणाल्या.

सगळ्या बोटीवर हशा पिकला. तोकुजींचे कान लाल झाले. "देवी रागावलीय, दुसरं काय. तुम्ही वर असता तर..."

"वरून तरी धुकंच दिसलं असतं. इंजिन बंद करा, भावोजी. मी बघायला नाही, ऐकायला आलेय."

"वाहत जाऊ."

"थोडं वाहू."

मला पुष्कळ बोलायचं होतं. मिसाओबाईंनी कोपर मारलं. तोकुजींनी किल्ली फिरवली.

पाणी बोटीला चापट्या मारत राहिलं. मग उजवीकडे, धुक्याच्या पोटातून, मोठ्या भात्यातला वारा एकदम सुटावा तसा आवाज आला. पुन्हा, जवळून. त्यामागे एक लहान, घाईघाईचा. पिल्लू असणार. एक उंच काळा पर बोटीच्या कडेने सरकत गेला आणि फवारा सगळ्यांच्या तोंडावर उडाला. कुजक्या माशाचा वास.

मिसाओबाईंनी तोंड पुसलं नाही. "आत घेतानाचा आवाज वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही कुणीच सांगितलं नव्हतंत."

"मी तरी कुठे ऐकला होता," तोकुजी म्हणाले. "इंजिन चालूच असायचं."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. बोट सुटायच्या बेतात होती, मी धक्क्यावर, मिसाओबाई पुन्हा टेकाडावर. वायरलेसवर 'दिसले' असं काही आलंच नाही. आला तो श्वास, आधी सोडतानाचा, मग घेतानाचा.

"किटली," मी म्हणालो.

"गप बस," तोकुजी म्हणाले. "बरोबर काढलाय."