खडपांची यादी

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. पुण्याहून संगणक शिकून आले म्हणून रत्नागिरीत मला जरा जास्तच मान मिळे, आणि तो माझ्या डोक्यात गेला होता. मांडवीजवळच्या एका क्लासात मी शिकवत असे. तिथल्या एकाच मशीनमध्ये देवनागरी अक्षरं दाखवणारं कार्ड होतं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे.

जवळच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे तांडेल रोज दुपारी क्लासात यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. उभा जन्म होडीवर गेलेला माणूस, पण आता नजर गेली होती आणि आठवणही दगा देऊ लागली होती. मुलगा दहा वर्षं आखातात काढून परतला होता आणि नारळी पौर्णिमेनंतर बापाची होडी तोच नेणार होता. मांडवीपासून बुरोंडीपर्यंत पाण्याखालचे खडक, म्हणजे खडपं, कुठे आहेत, किनाऱ्यावरचा कुठला माड कुठल्या मिनाराच्या रेषेत आला की वळायचं, ओहोटीला तिथे किती वाव पाणी असतं, हे सगळं फक्त चाचांच्या डोक्यात होतं. दोन हात पसरले की एक वाव, हेही त्यांनीच मला हात पसरून दाखवलं. ते सांगत आणि मी थेट मशीनवर टाइप करी. आधी वहीत उतरवून घ्या, असं क्लासच्या मालकांनी सुचवलं होतं. आता वह्यांचे दिवस गेले, असं मी त्यांना ऐकवलं.

यादी पुरी झाली, पण प्रिंटरची रिबन मुंबईहून यायची होती. तेवढ्यात मथळा नीट मधोमध आणावा म्हणून मी ती फाईल इंग्रजी पत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, ओळी सारख्या केल्या आणि सेव्ह केली. पुन्हा देवनागरीत उघडली, तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. फ्लॉपी एकच होती.

कारण कळायला दोन दिवस गेले. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक आकडा. इंग्रजी अक्षरांचे आकडे एकशे अठ्ठावीसच्या खाली, देवनागरीचे वर. त्या सॉफ्टवेअरला वरचे आकडे अक्षरं म्हणून मान्यच नव्हते, त्यानं प्रत्येकातून एकशे अठ्ठावीस वजा करून टाकले होते. मी बेसिकमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहून ते परत मिळवले. माड, मिनार, खडपं एकेक करून पडद्यावर आली तेव्हा मला रडू फुटलं. पण ओळी सारख्या करताना काही ओळींच्या शेवटचं अक्षर पार पुसलं गेलं होतं, आणि खोली मी ओळीच्या शेवटीच लिहीत असे. चार जागांचे आकडे गेले ते गेलेच.

चाचांना सांगायचं, तर आजवरचा सगळा तोरा उतरणार. मी आजूबाजूच्या खोल्या बघून चारही आकडे अंदाजानं भरले, रिबन आल्यावर यादी छापली आणि त्यांच्या घरी गेले. मुलगा जाळी विणायला बाहेर गेला होता. चाचांनी कागदावरून हात फिरवला आणि वाचायला सांगितलं. पहिल्या भरलेल्या आकड्यापाशी मी कागद खाली ठेवला. मग मी कुठे कुठे किती लिहिलंय, ते सगळंच सांगून टाकलं.

दोन आकडे चाचांनी आठवून सांगितले. उरलेले दोन काही केल्या आठवेनात. माझ्या चुकीपेक्षा ते त्यांना जास्त लागलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. दुसरे काहीतरी आकडे टाकू का, असं मी तरीही विचारलं.

"कोरा ठेव, बाय," ते म्हणाले. "कोरा बघलान तर तो शिसं सोडून पाणी मोजील. आकडा बघलान तर मोजायचा नाय."

मी दोन जागा कोऱ्या ठेवून यादी नव्यानं छापली.

पौर्णिमेनंतर होडी गेली. ती परतल्याचं कळलं तशी मी त्यांच्या घरी गेले. मुलगा खुशीत होता, यादीची तारीफ करत होता. एका कोऱ्या जागी त्यानं दोरीला बांधलेलं शिसं सोडून पाहिलं, तर पुढे एक वावसुद्धा पाणी नव्हतं. त्यानं होडी तिथूनच वळवली.

पहिल्या कागदावर मी त्या जागी चार वाव लिहिले होते. ते मी त्याला सांगितलं नाही. चाचा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनीही सांगितलं नाही.