तात्यांची डबल बेल

तात्या कंडक्टर कुणाला हाक मारत नसत, बेल मारत. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, उजवा हात डोक्यावर न्यायचा, तिथे नसलेली दोरी ओढायची आणि टाळूला जीभ लावून 'टिंग टिंग' असा आवाज काढायचा. दोनदा टिंग म्हणजे निघा. एकदाच टिंग म्हणजे असाल तिथे थांबा. परंड्याच्या डेपोत त्यांची सगळी नोकरी बार्शी आणि कुर्डुवाडीच्या फेऱ्यांत गेली. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, पण दोरी काही हातातून सुटली नाही. घरात जेवायला वाढायचं असलं तरी ते बेलच मारत. काकू म्हणायच्या, "लगीन झाल्यापास्नं ह्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं न्हाय म्या. टिंग टिंग झालं की आपलं समजून घ्यायचं."

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान स्टँडसमोर आहे. तात्यांना मी वर्षानुवर्षं ओळखत होतो, पण ती ओळख राम-रामापुरतीच. खरी गाठ पडली ती आम्हा दोघांच्या हृदयांमुळे. त्यांचं आधी बिघडलं, माझं नंतर. मला झटका आला, बार्शीला नेलं, स्टेंट बसला, आणि घरी येऊन मी कॉटवर पडलो तो पडलोच. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हळूहळू चालायला लागा. पण मी कसला चालतोय! जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं कानाला लावणारा माणूस मी, आता दिवसभर स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून बसायचो. एखादा ठोका इकडचा तिकडे वाटला की अंगाला घाम सुटायचा. बायकोने दुकानाच्या किल्ल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवल्या होत्या, जणू दुकान आता देवाच्याच हवाली. भेटायला येणारे शहाळं आणायचे आणि शहाळ्यासोबत एकेक गोष्ट सांगून जायचे. अमक्याच्या मेव्हण्याचं अगदी असंच झालं हो, बरा होता, गप्पा मारत चहा पीत होता, कप खाली ठेवला आणि गेला. ते ऐकून मी चहा सोडला.

तात्या आले ते रिकाम्या हाताने. बसले, माझ्याकडे बघितलं, मनगटावरच्या बोटांकडे बघितलं. कसं काय, दुखतं का, काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "घड्याळवाले, तुमचा स्टॉप आलाय का?"

बायको दारातूनच कावली, "काय बोलता तात्या असं अभद्र!"

"अभद्र न्हाय वहिनी. स्टॉप आला नसंल तर ह्यो माणूस दारात का उभा हाय? आत सरकून बसा म्हणावं, न्हायतर उतरा. दारात उभं ऱ्हायचं न्हाय, आमचा नियम हाय." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "म्याबी असाच बसलो व्हतो. चला, उद्या बार्शीला जाऊ. तिथं एक बाई हाय, ती शिकवती."

ती बाई म्हणजे दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. वयाने माझ्या मुलीएवढी. डॉक्टरांनी आधी मला फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासलं, कागद बघितले, गोळ्या बघितल्या आणि मग तिच्या ताब्यात दिलं. तिचं सांगणं ऐकून मला वाटलं ही पोरगी मला मारायलाच निघालीय. नुसतं रमतगमत चालायचं नाही म्हणे. आधी अंग गरम होईपर्यंत सावकाश चालायचं, मग थोडा वेळ चांगलं झपाट्याने, धाप लागेल इतकं, मग श्वास खाली येईपर्यंत पुन्हा सावकाश. असं आलटून पालटून. शेवटी एकदम थांबायचं नाही, हळूहळू उतरत यायचं. "पण बाई, हृदय अधू आहे माझं," मी म्हणालो. ती हसली. "म्हणूनच तर काका. त्याला थोडं काम देऊ, थोडी विश्रांती देऊ. तेही शिकतं." छातीत दडपलं, जबडा किंवा हात दुखला, भोवळ आली, तर तिथल्या तिथे थांबायचं, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तात्या शेजारी बसून मान डोलवत होते. ही सगळी विद्या त्यांनी तिच्याकडूनच घेतली होती. परतीच्या गाडीत मला म्हणाले, "बाई सांगती ते अगदी एश्टीवानीच हाय. एक बेल, डबल बेल. आपल्याला काय नवीन हाय त्यात?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना किल्ल्याच्या खंदकाकडेच्या रस्त्यावर मी त्यांच्यापुढे उभा होतो. बरोबर आणखी दोघे-तिघे, सगळे आमच्याच बिरादरीचे, म्हणजे छाती उघडून नाहीतर नळी घालून आलेले. त्यात टेलर चाचा होते. तात्या सगळ्यांच्या मागे चालायचे. कंडक्टरची जागा मागेच, तिथूनच सगळी गाडी दिसते, असं त्यांचं म्हणणं. झपाट्याने चालताना जोर बरोबर लागतोय की नाही हे बघायची त्यांची स्वतःची रीत होती. ते मागून ओरडायचे, "कुठं?" आणि आपण रूटवरच्या एखाद्या गावाचं नाव सांगायचं. धापेतून 'बार्शी' एवढा एकच शब्द निघाला तर ठीक. "बार्शीला जाऊन येतो म्हणतो तात्या, मेव्हणीकडे कार्य आहे" असं कुणी लांबण लावलं, तर तो कामचुकार. आणि काहीच बोलता आलं नाही, तर एक बेल.

मी पहिल्याच डबल बेलला पाचपंचवीस पावलं गेलो आणि छातीवर हात ठेवून उभा राहिलो. "कुठं?" तात्यांनी विचारलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. ते पुढे आले, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, दुखतंय का ते नीट विचारलं. दुखत नव्हतं. "मग ही भ्याची धाप हाय," ते म्हणाले. "मला बी व्हती. तिला तिकीट न्हाय द्यायचं." तेवढ्या एका वाक्याने मी लगेच शूर झालो असं नाही. त्या दिवशी मी सावकाशच चाललो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि काही आठवड्यांनी एका सकाळी माझ्या तोंडून धापेतच 'कुर्डुवाडी' असा शब्द आपोआप निघाला, तेव्हा मागून तात्या लहान मुलासारखे हसले. घरी येऊन मी चहा मागितला.

गावाला हा प्रकार कळायला वेळ लागला. आमच्याकडे म्हातारा माणूस सकाळी सकाळी घाई करतो ते एकाच कारणासाठी. एके दिवशी आम्ही खांद्यावर टॉवेल टाकून, मान खाली घालून, झपाझपा बाजारपेठेतून निघालो होतो. कोपऱ्यावर आप्पांचं किराणा दुकान. आप्पांनी आम्हाला बघितलं, मुकाट्याने शटर अर्धं खाली ओढलं, कपाळावरची विभूती नीट केली आणि टॉवेल घेऊन मागे चालू लागले. त्यांना बघून हॉटेलवाला निघाला, त्याच्या मागे आणखी दोघे. कुणी काही विचारेना, मयताच्या वाटेवर मोठ्याने विचारायचं नसतं. तात्यांनी एक बेल मारली, आम्ही सावकाश झालो, तेव्हा आप्पांनी जवळ येऊन, हात जोडून दबक्या आवाजात विचारलं, "शरणु. कोण गेलं?"

"अजून कुणी न्हाय," तात्या म्हणाले. "कुणी जाऊ नये म्हणून तर पळायलोय."

आप्पांची बायपास झालेली होती. त्यांनी तिथेच आमच्यात यायची इच्छा दाखवली, पण तात्यांनी साफ नकार दिला. बार्शीला जाऊन तपासून, डॉक्टरांचा होकार घेऊन या, "तिकिटाबिगर चढायचं न्हाय." आप्पा रुसले, मग गेले, मग आले. पुढे झपाट्याच्या वेळी "कुठं?" म्हटलं की ते घरची कानडी काढून "साकु, साकु!" म्हणायचे, म्हणजे पुरे झालं. तात्या शांतपणे सांगायचे, "साकु नावाचा स्टॉप न्हाय आपल्या रूटला."

अशी सगळी थट्टा असली तरी एका बाबतीत तात्यांकडे दयामाया नव्हती. एकदा डबल बेलनंतर टेलर चाचा जरा मागे पडले आणि हाताने जबडा चोळायला लागले. तात्यांनी तत्काळ एक बेल मारली. "कुछ नै जी, ग्यास है," चाचा म्हणाले. आम्हीही म्हणालो, असेल गॅस, चला. तात्या ऐकेनात. चाचांना खंदकाच्या कठड्याला टेकवून बसवलं, त्यांच्या मुलाला फोन लावला, गाडी मागवली, आणि चाचा शिव्या देत असताना त्यांना धरून आत बसवलं. बार्शीत कळलं की हृदयाची आणखी एक नळी तुंबत आली होती. चाचा वाचले. मी तात्यांना म्हणालो, कमाल केलीत. ते म्हणाले, "डबल बेल कुणीबी मारतंय घड्याळवाले. एक बेल मारायला छाती लागती. सगळी गाडी वरडती, उशीर झाला म्हणून." हे मला फार मोठं वाटलं, आणि आजही वाटतं.

बायकोने देव्हाऱ्यातून किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या तो दिवस तात्यांचाच. मी दुकान उघडलं तेव्हा ते समोर स्टँडवर उभे होते. त्यांनी हात वर करून दोरी दोनदा ओढली.

एकदा मी त्यांना चालताना गाठलं. मला तेव्हा जरा तरतरी आली होती. म्हटलं, "तात्या, सगळ्यांना विचारता, तुम्ही कुठं?"

"मी?" तात्यांना धाप लागली होती. "डेपोपर्यंत." मग सावकाश झाल्यावर म्हणाले, "कंडक्टरला मधी उतरायची मुभा न्हाय ना."

गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. साधाच म्हणून अंगावर काढला, तो छातीत उतरला, न्यूमोनिया झाला. बार्शीला हलवलं. आम्ही आळीपाळीने जात होतो. ते आम्हाला ओळखायचे, पण नाकातोंडावरच्या मास्कमुळे बोलता येत नसे. शेवटच्या भेटीत मी उठलो तेव्हा त्यांचा हात चादरीवरून थोडा वर झाला आणि खाली आला. एकदाच. त्याचा अर्थ मी त्या वेळी लावला नाही. दोन दिवसांनी ते गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं हरली, हृदयाने मात्र शेवटपर्यंत साथ दिली.

गावाने डॉक्टरांचं कशाला ऐकावं? हॉटेलात, पारावर एकच बोलणं. पळून पळून मेला. ह्या वयात कुणी सांगितलं होतं? आप्पांनी त्या दिवशी शटर पूर्ण खाली ओढलं होतं आणि पुढचे कित्येक दिवस ते सकाळी बाहेर पडले नाहीत. चाचाही नाहीत. मी तर पुन्हा मनगटावर बोटं ठेवून बसायला लागलो. एका सकाळी बघतो तर बायकोने किल्ल्या पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी काकूंना भेटायला गेलो. तात्यांचा खाकी शर्ट खुंटीला तसाच होता. मी म्हणालो, "तात्यांसारखा न घाबरणारा माणूस मी पाहिला नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कोण न घाबरणारा? हे? अवो भावजी, रोज पहाटं एक पाय चपलेत घालून थांबायचे. कॉटच्या कडंला बसून ऱ्हायचे. आज न्हाय जात म्हणायचे. मग आपल्या आपणच टिंग टिंग करायचे आन् उठायचे. मागं चालत व्हते ना तुमच्या? तोंड दिसू नये म्हणून."

इतके दिवस तो आवाज मागून यायचा आणि आम्ही बिनधास्त पुढे जायचो. मागे कुणीतरी निधड्या छातीचा आहे, आपलं काही वाईट होणार नाही, या भरवशावर. आणि तो माणूस आमच्याइतकाच, कदाचित आमच्याहून जास्त, भीत होता. मला रडू आलं. काकूंनी रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना आणि चाचांना घरी जाऊन बोलावून आणलं. बार्शीच्या बाईंना फोन केला होता, त्या म्हणाल्या, थोडे दिवस बंद होतं ना, मग पहिल्यासारखं हळू सुरू करा, जोर बेताचाच लावा. खंदकाकडेच्या रस्त्यावर आम्ही सावकाश चालत राहिलो. अंग गरम झालं. नेहमीची जागा आली, जिथे बेल व्हायची. बेल झाली नाही. पुढचे दोघे चालत राहिले, कुणी मागे वळेना. सगळ्यात मागे मीच होतो, कारण सगळ्यात सावकाश मीच.

मी हात वर नेला. तिथे दोरी नव्हती, कधीच नव्हती. जीभ टाळूला लावली आणि जो आवाज निघाला तो अगदीच मिळमिळीत होता, पण दोनदा निघाला. पुढच्या पाठी क्षणभर थबकल्या आणि मग झपाट्याने चालू लागल्या. मीही निघालो. छाती धडधडत होती, भीती किती आणि दम किती ते मला सांगता आलं नसतं.

"कुठं?" मी ओरडलो.

"बार्शी," चाचा.

"साकु!" आप्पा म्हणाले, आणि मग मान न वळवता, धापा टाकत त्यांनी विचारलं, "आन् तुमी?"

मला खूप काही सांगायचं होतं. पण जोर बरोबर लागला होता, एकच शब्द निघाला.

"डेपोपर्यंत."